एका मशीनवर दोघी

मंगळवारची दुपार आहे. जेवण झालंय, भांडी अजून तशीच पडलीयेत. मी दिवाणावर आडवी होते, उठते, पंखा कमी करते, पुन्हा आडवी होते. पाय स्वस्थ राहत नाहीत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, बारा ते चार; दोन वर्षं या वेळेला मी डायलिसिस सेंटरमध्ये असायचे, आईच्या खुर्चीशेजारी. आईला जाऊन सात महिने झाले. पायांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

हातात गेमचं मशीन आहे. तळहाताएवढा पडदा, डावीकडे एक छोटी दांडी, उजवीकडे चार बटणं. माझी भाची ईरा मस्कतहून सुट्टीला आली होती, तेव्हा आजीसाठी ठेवून गेली. त्या टोपीवाल्या दर्यावर्द्याचे आणि त्याच्या शेकरूचे तिन्ही सिनेमे आजी-नातीनं एकत्र पाहिले होते. हा त्याच सिनेमांवरचा खेळ. बेटामागून बेटं, प्रत्येक बेटावर काहीतरी हरवलेलं शोधायचं. मारामारी नाही, रक्त नाही. कुणी दरीत पडलं तर घंटी वाजते, चार चांदण्या उडतात आणि जिथून पडला तिथंच परत उभा राहतो.

"हे बरंय," आई म्हणायची. "पडायची भीतीच नाही."

तिच्या डाव्या हातात सुया असायच्या, तो हात चार तास हलवायचा नाही. म्हणून आम्ही वाटणी केली. डावीकडची दांडी माझी, मी टोपीवाल्याला चालवायचं. उजवीकडची बटणं तिची, तिनं शेकरूला उडी मारायला लावायचं. मशीन दोघींच्या मधल्या उशीवर. ती साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती, बोटं अजूनही विजेसारखी. चूक नेहमी माझीच व्हायची. अख्खा खेळ आम्ही पार केला, शेवटचा झुलता पूल तेवढा राहिला. तो एकटीनं जमतो का ते मी सात महिने बघतेय. दोन्ही हात माझेच असले तरी जमत नाही.

आताही तोच पूल समोर आहे. टोपीवाला पहिल्या फळीवर उभा राहून पाय हलवतोय. माझ्या पापण्या जड होतात. त्या मिटल्या की उघड्या आहेत ते कळत नाही, कारण पूल तसाच दिसतोय.

"अगं, दांडी सोडलीस की काय?" आई म्हणते.

"धरलीय," मी म्हणते.

दिवाण आता खुर्चीसारखा वर आलाय. निळा पडदा ओढलेला आहे. आई तिच्या जागी आहे, अंगावर तिचीच करड्या काठांची शाल. तिच्या पलीकडचं मोठं मशीन घरघरतंय, त्याच्या नळ्यांत मात्र काहीच वाहत नाही. रेहाना सिस्टर येतात, नळ्या तपासतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "चारूताई, आज थोडाच वेळ आहे हं."

"किती?"

त्या घड्याळ बघतात, पण घड्याळात काटेच नाहीत. तरीही त्या समाधानानं मान हलवून निघून जातात.

मला तिला एक गोष्ट विचारायची आहे. सात महिने मी तेच वाक्य जुळवतेय, आणि आता ते तोंडातच वळत नाही.

"चल," आई म्हणते. "पळव त्याला."

मी दांडी ढकलते. टोपीवाला पळतो, फळ्या खडखडतात. आईचा अंगठा बटणावर आपटतो, शेकरू हवेत झेपावतं, आणि मी तेवढ्यात थांबते. का थांबते ते माझं मलाही कळत नाही. शेकरू खाली पडतं. टिंग. चांदण्या.

"थांबलीस कशाला?"

"घाबरले."

"कशाला घाबरायचं? परत उभं राहतंच ना ते."

दुसऱ्यांदा. टिंग. तिसऱ्यांदा. टिंग. ती घंटी आता बाहेरून यायला लागते, निळ्या पडद्यापलीकडून, आणि मी ओळखते की ती माझ्या फोनची आहे. मला माहीत आहे की आता मी उठणार, पडद्याबाहेर जाणार, आणि हेमंतशी बोलणार. हेमंत माझा भाऊ, ईराचा बाप. आई जायच्या आधीच्या त्या शनिवारी असंच झालं होतं. मी दांडी उशीवर टाकून उठले होते.

"नको," मी स्वतःला म्हणते. "आज नाही उठायचं."

पण पाय उठतात. मी पडदा सारते.

पडद्याबाहेर सेंटरची मार्गिका नाही. टेलिफोन एक्स्चेंजची खोली आहे. लहानपणी आई मला कधीमधी तिथं घेऊन जायची, तशीच. भिंतभर लाकडी बोर्ड, शेकडो भोकं, दोऱ्यांसारख्या लोंबणाऱ्या वायरी. उंच स्टुलांवर कुणीच बसलेलं नाही. आणि खोलीभर माझा आवाज घुमतोय, त्या शनिवारचा.

"हेमंत, मला नाही होत आता. किती दिवस चालणार हे? तू तिकडून नुसतं विचारतोस. मी थकलेय रे. एकदाचं काय ते—"

तिथं आवाज तुटतो. पुन्हा सुरुवातीपासून सुरू होतो. मी बोर्डाकडे धावते, हाताला येईल ती वायर उपटते. एक उपटली की दुसऱ्या भोकातून तेच. "मला नाही होत आता." मी दोन्ही हातांनी वायरी ओढतेय, हातांना घाम सुटलाय, आणि आवाज थांबत नाही.

"असं ओढून बंद होत नाही ते," आई मागून म्हणते.

ती स्टुलावर बसलीय. कानाला जुना हेडफोन. तिचे केस काळे आहेत, पण चेहरा शेवटच्या महिन्यातलाच, सुजलेला. ती बोर्डावरचा एक खटका खाली करते. खोली शांत होते.

मी उभीच राहते. वाक्य जुळवायला वेळच मिळत नाही, ते तसंच बाहेर पडतं.

"आई, त्या दिवशी तू ऐकलंस?"

"ऐकलं."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. मेलेली माणसं स्वप्नात नाही म्हणतात, असं मी धरून चालले होते. मी जमिनीकडे बघते.

"सगळं?"

"पडदा कापडाचा होता, चारू. भिंत नव्हती."

"मग बोलली का नाहीस? चार दिवस होतीस की त्यानंतर. माझ्या हातचं जेवलीस, मी डोक्याला तेल लावलं तुझ्या. एक शब्द नाही काढलास."

"काय बोलायचं होतं?"

"रागवायचं तरी."

ती हेडफोन काढून मांडीवर ठेवते. बोटांनी त्याची वायर सरळ करते.

"वाईट वाटलं होतं मला," ती म्हणते. "नाही असं नाही. तू परत आत आलीस तेव्हा मी डोळे मिटून पडले होते, ते झोपले होते म्हणून नाही. पण मीही तेच म्हणत होते गं रोज, मनात. मला नाही होत आता, किती दिवस चालणार हे. तुला फोन लावायला हेमंत तरी होता. मी कुणाला लावणार होते?"

"मला सांगायचंस."

"तुला कसं सांगू? तू दांडी धरून बसलेली."

मी रडायला लागते, आणि रडता रडता खोली हलायला लागते. स्टूल, बोर्ड, मी, सगळं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पायाखाली फळ्या आहेत. खाली ढग, ढगांच्या खाली पाणी. आम्ही पुलावर आहोत. पुलाच्या दोऱ्या म्हणजे एक्स्चेंजच्या त्याच वायरी, विणलेल्या. टोपीवाला नाही, शेकरू नाही, फक्त आम्ही दोघी. मागच्या फळ्या एकेक करून गळायला लागल्यात.

"पळ," आई म्हणते.

"तुझी सुई—"

"पळ म्हणते ना!"

मी पळते. ती माझ्या बरोबरीनं पळतेय. गुडघे धरून चालणारी माझी आई साडी वर खोचून पळतेय. पुढे पूल तुटलेला आहे. दोन हात रुंद मोकळी जागा. नेहमी इथंच मी थांबायचे. माझे पाय जड होतात.

"आता उडी," ती ओरडते. "मी आहे तोवर मार!"

मी डोळे मिटून उडी मारते. घंटी वाजत नाही.

पलीकडे ऊन आहे. गवत, एक दगडी कट्टा. आई धापा टाकत त्यावर बसलीय आणि हसतेय. तिच्या डाव्या हातावर पट्टी नाही, सुयांनी फुगलेली शीर नाही. शालीतून ती एक संत्रं काढते आणि दोन्ही हातांनी सोलायला लागते. किती दिवसांनी मी तिचे दोन्ही हात एकदम काम करताना बघतेय.

"आई, संत्रं चालतं तुला? डॉक्टरांनी नको सांगितलंय."

"आता सगळं चालतं."

ती अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवते. रस मनगटापर्यंत ओघळतो. मला अजून विचारायचंय. रागावलीयेस का, दुखतं का, कुठं असतेस. पाय आताही चुळबुळतायत, कारण मागे रेहाना सिस्टर येऊन उभ्या राहिल्यात हे मला न बघताच कळतंय.

"खा ना," आई म्हणते. "किती घाई तुला."

मी एक फोड तोंडात घालते. आंबट आहे. मी डोळे बारीक करते, आणि उघडते तेव्हा वर पंखा फिरतोय.

चार वाजायला दहा मिनिटं आहेत. उशी ओली आहे. गेमचं मशीन छातीवर पालथं पडलंय, पडदा काळा, चार्जिंग संपलेलं. पूल पार झाला की नाही ते कळायला मार्ग नाही. मी उठून बसते. पाय जमिनीवर टेकवते आणि ते हलत नाहीत हे थोड्या वेळानं लक्षात येतं.

मग मला वास येतो.

मी बोटं नाकाशी नेते. उजव्या अंगठ्याच्या नखात पिवळसर काहीतरी अडकलंय. दोन वर्षं डॉक्टरांनी मना केलं म्हणून या घरात संत्रं आलं नाही, आणि नंतरचे सात महिने माझ्यानं आणवलं नाही. मी मशीन उलटं करते. उजवीकडची बटणं ओलसर आहेत. उडीच्या बटणावर मी अंगठा टेकवते. उचलायला जाते, तर तो क्षणभर तिथंच चिकटून राहतो.