गयामावशीचं ताठ बोट

एखाद्या गावात वर्षभर राहून आलं की किस्से आपोआप साठतात. पिशवी कितीही झटकली तरी तळाशी थोडी धूळ उरतेच, तसं आहे ते. मी, वैशाली आणि अमोल लातूरला भेटलो की चहा गार होतो आणि कंधार तालुक्यातलं ते डोंगरावरचं गाव सुरू होतं. आम्ही तिथे व्हॉलंटियर म्हणून पोरांना शिकवायला गेलो होतो. शिकवणं जमलं. घरकामानं मात्र आमची पार जिरवली! आणि ती जिरताना बघायला शेजारच्या ओट्यावर गयामावशी बसलेली असायची. सत्तरीची, एकटी, चार पावलं चालली की धाप लागायची. जिभेला मात्र कधी धाप लागली नाही.

*

पहिल्याच आठवड्यात अमोल ऐटीत घागर घेऊन हापशावर गेला. "बायकांनीच का पाणी भरायचं?" असं भाषण आम्हाला ठोकून! त्याला बघताच गावातल्या सुना पदर ओढून बाजूला झाल्या. परक्या गड्यापुढे हापसा मारायचा नाही, ही तिथली रीत. साहेबांना वाटलं, आपल्याला मान देतायत. सावकाश, खेपा घालत त्याने आमच्या खोलीतला ड्रम भरला. बायका उन्हात उभ्या. त्यातली एक पोटुशी होती, ती चक्कर येऊन मटकन खाली बसली.

मावशी ओट्यावरून ओरडली, "गड्या, तुझी मदत हुईपर्यंत बाई मरंल की रं!"

दुसऱ्या दिवसापासून अमोल उजाडायच्या आत पाणी आणू लागला. ती बाई मात्र आमच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.

*

नांदेडची वैशाली म्हणजे स्वच्छतेचा अवतार. खोली सारवायची वेळ आली तेव्हा बाईसाहेबांनी शेणाच्या बादलीत अर्धी बाटली फिनेल ओतलं. हात घालवेना म्हणून! वासानं आम्ही बाहेर जेवायला बसलो.

मावशी दारापर्यंत आली आणि तिथूनच मागे फिरली. "घर सारवलंस का दवाखाना?"

आम्ही हसलो. ती हसली नाही. तिचा नवरा आपल्या पायांनी शहरातल्या दवाखान्यात गेला होता आणि जीपमध्ये आडवा होऊन परत आला होता. "मला तिकडं नेऊ नका बरं का. हितंच मरू द्या," असं ती त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली.

*

मावशीचा मुलगा दिलीप पुण्यात वॉचमन. फोनवर त्याचं एकच टुमणं. "माय, तुला भाकर थापता यायची बंद झाली की मी तुला घेऊन जाणार. आधी दवाखाना, मग माझी खोली." आणि चुलीपुढे बसलं की मावशीचा श्वास पुरेना. मग आमचं ठरलं: भाकरी मी थापायच्या, फोनवर तिनं ठणकावून सांगायचं, "मीच थापल्या!"

माझी पहिली भाकर बघून ती म्हणाली, "कुत्र्याला घाल." कुत्र्यानं हुंगली आणि निघून गेला!

मग ती दम खात खात एखादी थापून दाखवायची आणि मी तिचे हात बघायची. ती अंगठ्याशेजारचं बोट वर धरून थापायची. मीही धरलं. त्यामुळे भाकरीवर गोल जाडसर कडं उमटायचं. मला वाटलं, हीच खरी पद्धत.

एक दिवस समोरची काशीबाई म्हणाली, "पोरी, ते बोट का वर धरून राहिलीस?"

"मावशी धरतात ना!"

"तिचं बोट विळ्यानं कापलं व्हतं माय, ते वाकतच न्हाई!"

सगळी गल्ली हसली. पण तोवर हाताला सवय लागली होती, ती काही सुटली नाही.

*

दिवाळीला दिलीप आला. आईकडे निरखून बघत म्हणाला, "लई वाळलीस गं."

"वय झालं की," मावशी म्हणाली.

जेवायला बसल्यावर त्यानं, मी आमच्या खोलीत थापून गुपचूप पोचवलेली, भाकर उचलली, त्या कड्यावरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहराच सैल झाला. "हाव, हातात जोर हाय अजून!"

मावशीनं पदराआडून मला डोळा मारला. आम्ही तिघं खोलीत येऊन पोट धरधरून हसलो. दिलीप निश्चिंत मनानं पुण्याला गेला.

*

उन्हाळा लागता लागता मावशी गेली. सकाळी ओट्यावर बसली होती, तशीच कलंडली. दिलीप आला, अग्नी दिला.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्या घरून भाकरी आणि पिठलं जातं, त्याला कडू घास म्हणतात. काशीबाई मला म्हणाली, "तूच थाप पोरी. भिंतीला भिंत तुझीच हाय." मी रडत रडत थापल्या. बोट आपोआप वर होत होतं.

दिलीप घास घ्यायला तयार नव्हता. चार जणांनी समजावलं तेव्हा त्यानं भाकर हातात घेतली. त्याचं बोट कड्यावर आलं आणि तिथंच थांबलं. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"दिवाळीला बी तुमीच का, ताई?"

मला नाही म्हणता आलं नाही. वैशालीनं माझा हात घट्ट धरला.

दिलीपनं घास मोडला, पिठल्याला लावला आणि हातातच धरून ठेवला.

"मला वाटलं, माय बरी हाय."