लुकच्या थरथरत्या रेषा

मार्गारेटचा फोन आला तेव्हा मी हॅरोला भाजीच्या दुकानात मेथी निवडत होतो. "लुक गेला. सकाळी, झोपेतच," ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि दोन जुड्या घेऊन रांगेत उभा राहिलो. सहा आठवडे झाले... त्या "बरं"च्या पुढे अजून काही वाटलेलं नाही.

लुक बेल्जियमचा, विनोदी चित्रकथा काढणारा. मार्गारेटशी लग्न करून इंग्लंडला, आमच्या वॉटफर्डला आला आणि पंचवीस वर्षं आमचा शेजारी होता. ब्रसेल्सच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला त्याचं एक पान यायचं. त्यातल्या जाड्या स्टेशनमास्तरच्या स्टेशनवर एकही गाडी थांबत नसे, तरी हा रोज कडक इस्त्रीच्या कोटात, हिरवा झेंडा घेऊन हजर. तिकडे पोरं त्या पानासाठी अंकावर झडप घालायची. आमच्या गल्लीत त्याला कुणी ओळखत नव्हतं. पुढे साप्ताहिक बंद पडलं आणि तो स्टेशनमास्तरची पुस्तकं काढू लागला. मला फ्रेंच येत नाही. नवं पान समोर ठेवून तो गंभीरपणे माझ्या तोंडाकडे बघत बसे. नुसत्या चित्रांवर मी हसलो, तरच पान ब्रसेल्सला जायचं.

एकदा चहा पिताना त्याचा कप बशीवर किणकिणत राहिला. तो माझा पेशंट नव्हता, पण मी जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. तो हात, ते जड झालेलं चालणं पाहून मला पार्किन्सन्सची शंका आली. त्याने नुकतंच नवं पुस्तक हातात घेतलं होतं... मी गप्प बसलो. आठ महिने.

हॉस्पिटलमध्ये निदान झालं त्या दुपारी तो मागच्या दाराने आला.

"तुला माहीत होतं?"

"शंका होती."

"कधीपासून?"

"बशी वाजली त्या दिवसापासून."

"तेव्हा बोलला असतास, तर मी पेन्सिल खाली ठेवली असती," तो म्हणाला. औषधं आठ महिने आधी सुरू झाली असती, हेही तितकंच खरं. ते तो बोलला नाही, मीही नाही.

पुस्तक त्याने पुरं केलं. त्यात स्टेशनातून एक्स्प्रेस धडधडत जाते आणि घड्याळ, बाकडी, मास्तरच्या मिशा, सगळं हादरतं. हात फारच हलायचा त्या दिवशी तो नेमकी तीच चित्रं काढायचा. उतारवयात रेषेला नवं धाडस आलंय, असं तिकडच्या एका समीक्षकाने लिहिलं. ते मला इंग्रजीत वाचून दाखवताना, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, तो स्वतःच्या कामावर पोट धरून हसला.

गेल्या रविवारी मार्गारेटकडे गेलो. खिडकीपाशी त्याचं टेबल तसंच आहे. बरणीत सहा पेन्सिली, नुकतीच टोकं काढलेल्या. खाली ताजी सालपटं. त्याचा हात चालेनासा झाल्यापासून मार्गारेटच टोकं काढून द्यायची.

"अजून?" मी विचारलं.

"नाश्ता झाला की हात आपोआप तिकडे जातो," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी सालपटं गोळा केली. टाकायची कुठे ते सुचेना, म्हणून मुठीत धरून बसून राहिलो.