पोखरणची वाळू

गॅदरिंगसाठी नातवाला दाढी चिकटवताना डिंकाचा वास आला आणि सापगावचं आमचं अंगण आठवलं. अणुचाचणीनंतरच्या वर्षी आमचे यजमान एका ऐतिहासिक सिनेमात सैनिक व्हायला पोखरणजवळ गेले होते. परतले ते गालावर नकली दाढीचा डिंक आणि पोरांना खेळायला पिशवीभर वाळू घेऊन.

मी ओरडले, "अवो, तिथं बॉम फोडलाय! ही घरात नाय आणायची!"

"जमिनीखाली फोडलाय गो. मी तर वर घोड्यावर होतो!"

मी कपाळावर हात मारला, पोरांना खसखसून आंघोळ घातली आणि वाळू ओढ्यापलीकडे पुरली. यजमानांनी रिकामी पिशवी कितीतरी दिवस खुंटीला टांगून ठेवली.

पुढे सिनेमात ते धुळीत कुठंच दिसले नाहीत. आता तेही नाहीत; त्या सिनेमाची तेवढीच खूण होती, म्हणून ती वाळू सलते. पण आज आणली असती, तरी पुरलीच असती.