मोहरी कुणी फेसली

आमच्या कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या बायकांना नाव नसतं. सगळ्या मावशी. त्यातल्या एका मावशीचं नाव रुक्मिणीबाई आहे, हे मला त्यांना कामावरून काढलं त्या दिवशी कळलं, त्यांचा गेटपास परत घेताना. त्याआधी चौदा महिने त्या माझ्या हाताखाली होत्या. मी असा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही उगाच माझी बाजू घेणार नाही.

मी रणजीत, निघोज्याचा. गावाभोवती कंपन्या उभ्या राहिल्या तेव्हा माझे चुलते यशवंतराव यांनी एका कंपनीच्या कँटीनचा ठेका मिळवला. बारावीला दोनदा आपटलेला पुतण्या घरात बसून करणार काय, म्हणून मला तिथे सुपरवायझर केलं. मला वरणाला धड फोडणीसुद्धा देता येत नाही. पण खिशाला पेन आणि हातात वही असली की लोक साहेब म्हणतात, आणि साहेब म्हटलेलं मला आवडतं.

रुक्मिणीबाई संगमेश्वरकडच्या. नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर, मुलगी दिव्या दहावीला, आणि राहायला भोसरीतच एक खोली. दोन ठिकाणी ऑटो बदलून त्या सकाळी साडेसातला हजर असायच्या. उंचीला कमी, बोलायला त्याहून कमी, कामाला मात्र वाघ. दिवसभर साबणाच्या पाण्यात असल्यामुळे त्यांच्या बोटांची कातडी फाटलेली असायची. कधी मीठ लागलं की त्या हात झटकायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

त्यांना एकच हवं होतं. त्यांना स्वयंपाकात जायचं होतं. आल्या त्याच महिन्यात त्यांनी मला गाठून सांगितलं होतं, "दादा, मला शेगडीकडं घ्या वो. आमच्या वाडीत कुणाचं लग्न निघालं, की लोणच्याची मोहरी फेसायला मलाच बोलावतात. दुसरीला हात लावू देत नाय." मी मान हलवली. कँटीनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला कसलं ना कसलं प्रमोशन हवंच असतं, आणि मान हलवायला मला काही लागत नाही.

आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी कटलेट असतं. आमचं कटलेट म्हणजे उकडलेल्या बटाट्याला घातलेली तेलाची आंघोळ. तक्रारवही भरत चालली होती आणि काका माझ्यावर डाफरत होते. एका मंगळवारी सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर आम्ही स्टाफचे लोक जेवायला बसलो. मावशींनी आपल्या डब्यातली एक छोटी डबी उघडली आणि माझ्या कटलेटशेजारी चमचाभर काहीतरी पिवळं, दाट वाढलं. मी घास घेतला. झणका नाकातून थेट टाळूत गेला, डोळ्यांतून पाणी आलं. मी डबीच पुढे ओढली.

"फेसलेली मोहरी हाय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं लोणच्याला, कोशिंबिरीला लावतात. पोरीला सॉस लागतो ना, म्हणून हिच्यात व्हिनेगर नि गूळ घातलाय. आठ दिवस टिकते."

कशी करायची तेही त्यांनी सांगितलं. एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मोहरी आधी भिजवायची. पाट्यावर थोडी थोडी घ्यायची, गार पाण्याचे हबके मारत वाटायची. मग परातीत घेऊन हातानं फेसायची, एकाच बाजूनं, ती फुलून फिकी होईपर्यंत आणि वास नाकाला झोंबेपर्यंत. मग थोडा वेळ झाकून ठेवायची, आणि त्यानंतरच आंबट घालायचं. घाई केली की संपलं. "आणि गरम पाणी दाखवायचं नाय तिला," त्या म्हणाल्या. "गरम लागलं की मोहरी मरते. मग नुसती कडू."

फाटक्या बोटांनी मोहरी फेसताना काय होत असेल, हे मी विचारलं नाही. कँटीनमधली मोहरी न्यायची आणि आठवड्यातून दोनदा डबाभर सॉस करून आणायचा, एवढं ठरवून मी मोकळा झालो. त्यांच्या खोलीत पाट्याचा आवाज होतो म्हणून घरमालकीण कटकट करायची. मावशींनी पाट्याखाली पोतं घातलं आणि भल्या पहाटेऐवजी संध्याकाळी वाटायला लागल्या. पंधरा दिवसांत कँटीनमध्ये त्या सॉसचं नाव झणका पडलं. वेल्डिंगवाले, पेंटशॉपवाले, सगळे रांगेत आधी वाटी पुढे करायचे आणि मग ताट.

एका शुक्रवारी ॲडमिनच्या पूनम मॅडम स्वतः ताट घेऊन काउंटरवर आल्या. एरवी त्या माझ्याशी फक्त तक्रारवहीबद्दल बोलायच्या.

"रणजीत, हे कोण करतं?"

मावशी माझ्या मागे, मोरीवरच होत्या. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला त्यांचं नाव माहीत नाही. एका क्षणाचाच अडथळा होता तो. मागे वळून विचारता आलं असतं. पण मॅडम माझ्याकडे पहिल्यांदाच कौतुकाने बघत होत्या.

"आमच्या घरची रीत आहे, मॅडम," मी म्हणालो. "मीच करतो."

"तुम्ही? कमाल आहे!"

मागचा नळ बंद झाला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी मीच मावशींना समजावलं. भांड्यावरच्या बाईने केलंय म्हटलं की ऑफिसातले लोक नाक मुरडतात, जरा जम बसू द्या, मग सांगतो, आणि दिवाळीनंतर तुम्हाला शेगडीकडे घेतोच. इतकी सफाईदार थाप माझ्या तोंडून कशी निघाली, देव जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, "सांगा पण, दादा."

मग खंडेनवमी आली. आमच्याकडच्या कंपन्यांत त्या दिवशी मशीन धुऊन पुसून, हार घालून पूजा होते, आणि आमच्या कंपनीत कामगारांच्या घरच्यांनाही बोलावतात. एरवी आम्ही दोनशे माणसांचं करतो, त्या दिवशी नऊशेचं होतं. पूनम मॅडम म्हणाल्या, "रणजीत, तुमचा झणका हवाच." मी छाती फुगवली.

मावशी म्हणाल्या, "नऊशे माणसांचं पाट्यावर करायला मला दोन दिवस लागतील. तेवढे दिवस भांड्यावरून सोडा." आदल्या दोन दिवसांत मला भांड्यावरचा एक हात कमी करायचा नव्हता. मी म्हणालो, आपल्याकडे मोठा ग्राइंडर आहे की, मीच करतो. त्या घाबरल्याच. "दादा, मशीन तापतं. करायचंच असलं तर थांबून थांबून करा, बर्फ घाला. नायतर मला बोलवा, मी उभी राहते." एका भांडीवालीने ग्राइंडर कसा चालवायचा ते मला शिकवावं, याचा मला राग आला. कारण तोवर तो झणका आपलाच आहे, असं मलाही वाटायला लागलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी मी ग्राइंडर लावला आणि फोनवर बोलत राहिलो. मोहरी घट्ट वाटली म्हणून जवळचा नळ सोडला. तो गिझरचा होता. वास काही नाकाला झोंबला नाही. मी चाखलंही नाही. व्हिनेगर ओतलं, गूळ टाकला, पातेली भरली.

दुपारी पहिल्या शंभर लोकांत आवाज सुरू झाले. एका आजींनी घास थुंकला. लहान पोरं रडायला लागली. सॉस कडूजहर झाला होता, आणि ताटातल्या पुरी-भाजीलाही लागल्यामुळे ताटंच्या ताटं टाकली जात होती. पूनम मॅडम आल्या, त्यांच्यामागे काका. काकांचा आवाज एरवीही मोठाच.

"कुनी केलं ह्ये?"

सगळी रांग बघत होती. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी. जमीन काही दुभंगली नाही, माझं तोंड मात्र उघडलं.

"मावशींनी," मी मागे हात केला. "मी आज पूजेत होतो, म्हणून त्यांच्यावर सोपवलं. गार पाण्यात करा म्हणून सांगितलं होतं. त्यांना मोहरी फेसता आली नाही."

मावशी ओल्या हातांनी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या ओरडल्या असत्या, तर मीही ओरडलो असतो आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. त्यांनी काउंटरवरची पातेली एकेक करून उचलली, मोरीत रिकामी केली आणि घासायला घेतली. सगळी स्वच्छ घासून झाल्यावर काकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. गेटपास मी घेतला. त्यावर नाव होतं.

त्यानंतर मी पाच महिने काही केलं नाही. खोटं कशाला बोलू, मला झोप नीट लागत होती. शिमगा होऊन गेल्यावर मी भोसरीला त्यांच्या खोलीवर गेलो. माफी मागायला गेलो, असं मी घरी आईला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तक्रारवही पुन्हा भरत चालली होती आणि काका म्हणाले होते, "तुजा त्यो झणका कर की परत. नीट कर म्हंजे झालं." माझ्या गाडीच्या डिकीत रिकामा डबा होता.

दिव्याने पाणी दिलं. रुक्मिणीबाई मंगल कार्यालयात भांडी घासायला जायच्या, नुकत्याच आल्या होत्या. पाटा भिंतीला उभा टेकवलेला होता, कोरडा. मी बरंच काही बोललो. चुकलं, टेन्शन होतं, वेळ तशी होती. त्यांनी ऐकून घेतलं.

"कामावरून काढलंत त्याचं काय नाय," त्या म्हणाल्या. "भांडी सगळीकडं हायेत. पण तुमी म्हणालात, हिला मोहरी फेसता येत नाय. त्या रांगेत आमच्या वाडीतला प्रितम होता, वेल्डिंगला हाय तुमच्या कंपनीत. शिमग्याला गावी गेला नि सगळ्यांना सांगून आला. वैशाखात माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न हाय. लग्नाला बोलावलंय मला, मोहरीला नाय. लोणच्याला दुसरी घेतलेय."

हे बोलताना त्यांचा आवाज साधाच होता. त्या दिवशी मी खरंच शरमलो, आणि ती शरम अजून गेलेली नाही.

"मी काय करू, मावशी?"

"सांगा. तिथंच, जेवणाच्या सुट्टीत, प्रितम रांगेत असताना. इथं मला येऊन काय सांगता, मला ठाऊकच हाय."

मी हो म्हणालो. डिकीतला डबा बाहेर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरच्या पुढे जाऊन उभा राहिलो. प्रितम रांगेत चौथा होता. कोपऱ्यातल्या टेबलावर पूनम मॅडम जेवत होत्या, काका दाराशी फोनवर होते. "जरा ऐका," मी मोठ्यांदा म्हणालो. दोनशे माणसं गप्प झाली. घशापर्यंत आलेलं सगळं मला स्पष्ट ऐकू येत होतं: ती मोहरी मी बिघडवली, आणि आधीची चांगली रुक्मिणीबाईंची होती.

"ताटात अन्न टाकू नका," मी म्हणालो. "लागेल तेवढंच घ्या."

लोक हो साहेब म्हणाले आणि रांग पुढे सरकली.

मग उद्या सांगू, मग सोमवारी सांगू, मग मॅडम रजेवर गेल्या की सांगू. चैत्र गेला. वैशाखही निम्मा गेला. गेल्या मंगळवारी प्रितम चार दिवसांची सुट्टी संपवून आला. उशिरा आला होता, रांग संपलेली होती. मॅडम रजेवर होत्या, काका चाकणला गेले होते. काउंटरच्या अलीकडे मी आणि पलीकडे तो, बाकी कुणी नाही.

"काय, कुठं गायब?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"गावी लग्न होतं, साहेब."

"जेवण कसं होतं?"

"झकास. लोणच्यात तेवढा दम नव्हता. आमची एक काकी फेसायची मोहरी, एक नंबर. इथंच होती की तुमच्याकडं भांड्याला. पण आता तिच्या हाताला चव राहिली नाय म्हणतात. त्या दिवशी आपण बघितलंच." त्याने ताट पुढे केलं. "तुम्ही करायचात ना तो झणका, साहेब, तसा गावाकडंपण कुणाला जमणार नाय."

याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नाही, हे मला तेव्हाच कळत होतं. मी त्याच्या ताटात एक चपाती जास्त ठेवली. तो थँक्यू साहेब म्हणाला आणि जेवायला बसला.