आकड्यावरचं बोट

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सोलापुरात शुगरच्या दवाखान्यात आईशेजारी बसून त्या मोबाइलवर टाइप करत होत्या. निवृत्त नर्स होत्या. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात आजारांविषयी लिहायच्या. एक वाक्य झालं की शेजारच्याला वाचून दाखवायच्या. त्याच्या कपाळावर आठी दिसली की खोडून पुन्हा लिहायच्या.

आईला त्यांनी वाचून दाखवलं, "कारल्याचा रस गोळ्यांच्या जागी चालतो, याला पुरावा नाही."

मला ते झोंबलं. महिन्यापूर्वी मीच आईच्या गोळ्या बंद करून रस सुरू केला होता. म्हणालो, "हिची शुगर उतरलीय की! तेही लिहा."

त्यांनी वाक्याच्या शेवटी असलेल्या बारीक आकड्यावर बोट ठेवलं. संशोधनाचा संदर्भ उघडला. "माझंबी ऐकू नका. हे वाचा, मग भांडा."

भांडायचं म्हणूनच मी वाचू लागलो. तेवढ्यात आई खाली बघत पुटपुटली, "गोळ्या मी घेतच हुते रं. रस कुंडीत वतायची. तू पाटं उटून करायचास, न्हाय कसं म्हणू?"

बाई हसल्या नाहीत. चष्मा पुसत एवढंच म्हणाल्या, "म्हणूनच एका माणसावरनं लिहीत न्हाईत, दादा."