दोन कडी

आमच्या ह्यांना स्टुडिओत सगळे 'शिंपी' म्हणत, कारण कॅमेऱ्यापासून नटापर्यंतचं अंतर मोजायला गळ्यात कायम मापाची फीत. "काय शिंपीबुवा, सदरा कधी मिळणार?" असं कुणी चिडवलं की हे म्हणायचे, "माप झालंय, कापड तेवढं आणा."

रुंद पडद्याचा तो जुना कॅमेरा उचलायला चार माणसं लागत. त्याच्या भिंगावर दोन कडी, एकाने आडव्या रेघा स्पष्ट होतात, दुसऱ्याने उभ्या. नट पुढे सरकला की दोन्ही हातांनी दोन्ही कडी एकदम फिरवायची, तरच चेहरा स्पष्ट येतो. एकोणीस वर्षं ह्यांनी ती फिरवली.

मंगळवारी घर जळण्याचा प्रसंग होता. लाकडी घर उभारलेलं, एकदाच जळणार. म्हातारा नट इशाऱ्याआधीच दारातून चालू लागला. ह्यांचा डावा हात अजून फीत गुंडाळत होता. एकच कडं फिरलं.

घर जळून गेल्यावर ह्यांनी स्वतःच कॅमेरामनला सांगितलं, "दादा, माझा एक हात मोकळा नव्हता."

"फिल्म धुऊन येऊ दे. तोवर तोंड उघडू नकोस," ते म्हणाले.

दोन दिवस मी जपाला बसले. देवा, चित्र नीट येऊ दे, ह्यांची जागा राहू दे. दुसऱ्या दिवशी जप करता करता मनात आलं, जे उमटायचं ते मंगळवारीच उमटलंय. आता देवाने तरी काय करावं? तरी माळ पुरी केली. मध्येच कशी ठेवायची?

आज हे दुपारीच घरी आले. हातपाय धुतले, पाटावर बसले.

"पाहिलंत?"

"पाहिलं. ओठांची आडवी रेघ स्वच्छ. नाकाच्या कडा मात्र पसरल्यात."

"मग?"

"उद्यापासून कोठारात. भिंगं पुसायची. कॅमेऱ्यावर दुसरा येईल."

मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी भाजी वाढली. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, मीठ कुठंय हिच्यात?"

आम्हा दोघांची अर्धी पोळी संपली होती.

"घाल की वरून," हे म्हणाले, आणि मिठाची वाटी आईंकडे सरकवून जेवत राहिले. स्वतः घेतलं नाही. मीही नाही.