नांदेडचे महिने कार्डात नव्हते

बाबा वीज खात्यात लाईनमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी रस्त्यानं चालताना त्यांची मान वरच असायची. कॅमेऱ्याचा फोन हातात आल्यावर त्यांनी पहिला फोटो काढला तो नातवंडांचा नव्हे, लातूरच्या आमच्या गल्लीतल्या वाकलेल्या खांबाचा. मग नादच लागला. लग्नाला जावोत की दवाखान्यात, वाटेतला एखादा खांब, रोहित्र, झाडात अडकलेली तार टिपून आणायची आणि आम्हाला दाखवत सांगायचं, "बघ, हे काम कुणीतरी घाईत केलंय." फोन भरला म्हणून धाकट्या भावानं त्यांना मेमरी कार्ड घालून दिलं होतं.

आई आधीच गेली होती. बाबा लातूरला भावाकडे राहायचे. हृदय थकलं आणि डॉक्टरांनी जिना बंद केला, तेव्हा भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही अशी अडचण झाली. माझं नांदेडचं घर तळमजल्यावर, दवाखानाही जवळ. मी त्यांना घेऊन आले. दिवाळीनंतर आलेले बाबा पावसाळा लागेपर्यंत माझ्याकडे होते. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. आजोबांचाच फोन घेऊन ती दिवसभर त्यांचे फोटो काढायची. जरा बरं वाटत होतं तेव्हा आम्ही त्यांना गाडीनं इस्लापूरला नेलं, सहस्रकुंडाचा धबधबा दाखवायला. तिथं कठड्याशी ते आणि मी उभे असलेला एक फोटो होता. पाण्याचा आवाज एवढा की मी काय बोलले ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि ते भलतंच काहीतरी समजून हसले. तो क्षण मुलीनं बरोबर धरला होता.

पावसाळ्यात भाऊ आला. त्यानं त्याच इमारतीत खालचं घर भाड्यानं घेतलं होतं. म्हणाला, "ताई, लोक विचारून राहिलेत, लेक असताना बाप लेकीकडं कसा? आता जिन्याचाबी प्रश्न न्हाई." मी बाबांची पिशवी भरून दिली. बाबा गाडीत बसले. थंडी पडायच्या आत लातूरलाच ते वारले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भाऊ बोलायला उभा राहिला. रडत रडत म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत माझ्याजवळ होते." खोटं नव्हतं ते. पण माझी मुलगी शेजारी बसली होती, तिनं माझा हात दाबला. जेवणाच्या पंगतीत एका लांबच्या आत्यानं मला विचारलं, "तुला भेट झाली होती का गं मरायच्या आधी?" नांदेडचे ते सगळे महिने जणू झालेच नव्हते.

माझा स्वभाव आधीच संशयी. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते मी. मुलांना काचेच्या नळ्या मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या, आणि एखादी कमी भरली की चेहऱ्यावरून ओळखायचं कुणी फोडली ते. ही सवय घरी येताना गेटवर ठेवून येता येत नाही.

बाबांचा फोन भावाकडेच राहिला. मी त्याच्याकडे कार्ड मागितलं, सहस्रकुंडाचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. पहिल्यांदा तो म्हणाला, फोन दुरुस्तीला दिलाय. पुढच्या खेपेला म्हणाला, कार्डाचा कप्पा उघडायची पिन सापडत नाही. मी माझ्या कानातली रिंग काढून दिली, म्हटलं हिनं निघतं. तेव्हा त्यानं कार्ड काढून दिलं, माझ्याकडे न बघता.

नांदेडला येऊन लॅपटॉपला लावलं. लातूरचे फोटो जागच्या जागी होते. भावाच्या मुलाचा वाढदिवस, कुणाची लग्नं, खांब. मग दिवाळी आली, आणि दिवाळीनंतर फक्त खांब. माझ्या घरासमोरचा खांब, दवाखान्याच्या दारातलं रोहित्र, इस्लापूरच्या रस्त्यावरच्या तारा. बाबा नाहीत, मी नाही, मुलगी नाही, धबधबा नाही.

नवरा म्हणाला, "चुकून गेले असतील गं."

"चुकून जाताना खांब सोडून माणसंच तेवढी गेली?"

तो म्हणाला, "जाऊ दे. वाढवू नको."

मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "मला काय म्हाईत? बाबांचंच बोट लागलं असंल." दुसऱ्या दिवशी भावजयीचा फोन आला. ती एरवी आधी मुलीची चौकशी करते. त्या दिवशी सरळच म्हणाली, "ताई, आम्ही कशाला हात लावू कार्डाला? तुमचे फोटो घेऊन आम्हाला काय करायचंय?" मी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. न विचारता उत्तर आलं की माझ्या मनात पहिली घंटा वाजते. मला वाटलं, दोघांनी मिळून केलंय हे. लोकांसमोर 'शेवटपर्यंत माझ्याजवळ' म्हणायचं, तर मधले महिने दिसायला नकोत.

मुलगी म्हणाली, पुसलेले फोटो परत निघतात, फक्त त्या कार्डात नवीन काही भरायचं नाही. मी कार्ड कागदात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि बाजारात मोबाईलवाल्यांच्या ओळीत गेले. दोन दुकानांत 'ठेवून जा, उद्या या' म्हणाले. उद्यापर्यंत माझं कार्ड कुणाच्या हातात असेल, कोण काय उतरवून घेईल, याचा विचार करूनच मी बाहेर पडले. तिसऱ्या दुकानात मधल्या वयाचा एक माणूस एकटाच होता. त्याला म्हटलं, "माझ्यासमोर करायचं. मी इथून हलणार नाही."

त्यानं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि मलाच विचारलं, "कुणाचं हाय हे?"

"माझ्या वडिलांचं."

"मग ते कुठायत?"

"वारले."

त्यानं कार्ड काउंटरवर ठेवलं. "बाई, राग मानू नका. इथं लोक नवऱ्याचं, सुनेचं, कुणाकुणाचं कार्ड घेऊन येतात. मागाहून भांडणं माझ्या दुकानात होतात. कशावरून वडलांचं?"

मी चोर धरायला निघालेली, आणि इथं मलाच चोर समजत होते. मोबाईलमध्ये पुण्यानुमोदनाची पत्रिका होती, बाबांच्या फोटोसकट, ती दाखवली. कार्डातला त्यांचा लातूरचा एक फोटो त्यानं त्याच्याशी ताडून बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "बसा."

संगणकावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. मी स्टूल ओढून त्याच्या खांद्यामागे बसले. तो चहा प्यायला, गिऱ्हाइकांच्या मोबाईलला त्यानं काच लावून दिली, आणि दर वेळी संगणकाकडे वळला की मी पुढे वाकायची. शेवटी तो वैतागून म्हणाला, "श्वास तरी घेऊ द्या मला."

मग फोटो यायला लागले. त्यांची नावं गेली होती, तारखा गेल्या होत्या, सगळे उलटसुलट. आधी मुलीच्या वाढदिवसाचा जुना केक, मग कुठलातरी धूसर अंगठा. आणि एकदम बाबा. मुलीचा काळा गॉगल घातलेले, कवळी हातात धरून बोळक्यानं हसणारे. मग भाकरी मोडताना हसणारे. माझ्या ओट्यावर बनियनवर बसून शेजारणीशी बोलताना. एकामागून एक. मी तोंडावर पदर धरला. दुकानदार उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

सहस्रकुंडाचा फोटो आला, पण अर्धा. वर आमचे दोघांचे चेहरे, छातीखाली नुसती राखाडी पट्टी. "तेवढ्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय," तो म्हणाला, "ते आता निघणार न्हाई."

सगळं पेनड्राइव्हवर घेतल्यावर मी म्हटलं, "आता तुमच्या संगणकातलं पुसा. माझ्यासमोर."

त्यानं पुसलं. कचऱ्याच्या डब्यातूनही पुसलं. मी तरी उठेना. तो हसला पहिल्यांदा. "बाई, कितीबी पुसलं तरी ते परत काढायचाच तर धंदा हाय माझा. आता विश्वास ठेवायचा का न्हाई, तुमचं तुम्ही ठरवा."

मी नाही ठेवला. पण करण्यासारखंही काही नव्हतं.

पुढच्या रविवारी पेनड्राइव्ह घेऊन मी लातूरची बस धरली. अहमदपूरपर्यंत मनात वाक्यं जुळवत होते. नवऱ्याला नुसतं 'भावाकडे जाऊन येते' एवढंच सांगितलं होतं.

भावजयीनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. खाऊन झाल्यावर मी म्हटलं, टीव्हीला लावून बघू, बाबांचे फोटो आणलेत. भाऊ सोफ्यावर होता. मी टीव्हीकडे पाठ करून उभी राहिले, त्या दोघांचे चेहरे बघायचे होते मला.

गॉगलचा फोटो लागला. भावजय पुढे झाली. "अगंबाई, हे कधीचं? हे आमाला कुणी दाखवलंच न्हाई." तिचे डोळे भरून आले. तिनं नवऱ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मला कळलं, हिला ठाऊक नव्हतं. हिला नुसतं सांगितलं होतं की ताई संशय घेतेय.

भाऊ उठून मागच्या अंगणात गेला. मी मागोमाग गेले. तो धुण्याच्या दगडावर बसला होता.

"तूच पुसलेस ना?"

"हाव."

एवढं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. बसमध्ये जुळवलेली वाक्यं आठवेनात. मी म्हटलं, "लोकांना कळू नये म्हणून? बाबा माझ्याकडे होते म्हणून?"

त्यानं मान वर केली. "लोकांचं काय घेऊन बसलीस ताई? बाबा गेल्यावर मी फोन उघडला. बघतो तर त्या फोटोंत बाबा हसूनच राहिलेत. एकात न्हाई, समद्यात. हितं आल्यापास्नं ते भिंतीकडं तोंड करून झोपायचे. जेव म्हटलं की 'ठेव तिथं'. एकदाबी हसले न्हाईत माझ्या घरात. मी हट्टानं आणलं त्यांना. लोक काय म्हणतील म्हणून आणलं. ते फोटो बघितले की वाटायचं, चांगले व्हते तिकडं, मीच आणून मारलं." तो थांबला. "एक दिवस पुसून टाकले. खांबांचे ठेवले. ते बघवत व्हते."

मी त्याच्यासमोर पायरीवर बसले. माझा अंदाज खरा ठरला होता, पण त्याचं काय करावं ते मला कळेना. आतून भावजय टीव्हीवर फोटो पुढे ढकलत होती, तिच्या हुंदक्यांचा आवाज येत होता.

"अरे, माझ्याकडं पण ते भिंतीकडं तोंड करूनच झोपायचे," मी म्हटलं. "गोळी दिली की तोंडातून काढून उशीखाली लपवायचे. मला शिव्या द्यायचे. पोरगी फोटो कधी काढायची? हसले की. शिव्या देताना कोण फोटो काढतं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मला ओळखीची होती. नळी कुणी फोडली ते शोधताना माझी होते तशी.

"माझं समाधान करून राहिलीस तू."

"नाही रे. खरंच."

"बाबा तुला शिव्या देतील? मला न्हाई पटत. तुला कधी दिल्या त्यांनी?"

मी पुष्कळ सांगितलं. त्याला काही पटलं नाही. दुपारी मी सगळे फोटो त्याच्या संगणकात उतरवून दिले. तो म्हणाला, "कार्ड हितंच ठेव ना. फोन हितं हाय, कार्डबी फोनात राहू दे." त्याचं म्हणणं साधं होतं. पण मी कार्ड पर्समधून काढलं नाही. म्हटलं, पुढच्या वेळी बघू. त्याला कळलं. स्टँडवर सोडायला आला तेव्हा माझी पिशवी त्यानंच धरली होती. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा होता.

अर्धा असलेला सहस्रकुंडाचा फोटो मी राखाडी पट्टी कापून घेऊन, नुसते दोघांचे चेहरे ठेवून, चौकटीत लावला. त्याची एक प्रत भावजयीनं मागून घेतली आणि त्यांच्या बैठकीत लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, हा नांदेडचा, बाबा ताईंकडे होते तेव्हाचा. हे मला त्या लांबच्या आत्याकडूनच कळलं.

काही दिवसांनी मुलगी कॉलेजातून आली आणि म्हणाली, "मामाचा फोन आला होता मला. तुला सांगू नको म्हणाला."

"काय म्हणत होता?"

"विचारत होता, आजोबा आईला खरंच शिव्या द्यायचे का? खरं सांग म्हणाला, आईनं शिकवलेलं सांगू नको."

"मग?"

"सांगितलं की. त्यांनी तुला गोळीवरून 'खडूस मास्तरीण' म्हटलं होतं ते सांगितलं. आणि वरणात मीठ नव्हतं तेव्हा ताट ढकललं होतं, तेपण." मुलगी बूट काढत म्हणाली, "मामा किती हसला. परत परत सांगायला लावलं त्यानं मला. ताट कसं ढकललं, डाव्या हातानं का उजव्या."